नुसता 'उंदीर' म्हणून चालेल का?

काही वर्षांपूर्वी हडपसरला शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. परिसरातील प्राण्यांच्या नोंदी शाळेत कशा ठेवाव्यात, हा विषय होता. दुपारच्या सत्रात एका शिक्षिकेने बुटांचे एक खोके टेबलावर आणून ठेवले. आत अंगठ्याएवढ्या सात-आठ काळपट गोळ्या होत्या. शाळेजवळच्या जुन्या गोदामात गव्हाणी घुबडाची जोडी राहते, तिच्या बसण्याच्या जागेखाली त्या सापडल्या होत्या. खोक्यावर बाईंनी नीट अक्षरात लिहिले होते : 'घुबडाचे खाद्य – उंदीर'.

घुबड आपले भक्ष्य बहुधा सबंध गिळते. मांस पचते, केस आणि हाडे पचत नाहीत. त्यांची गोळी करून घुबड ती तोंडावाटे बाहेर टाकते. आम्ही एक गोळी कोमट पाण्यात भिजवली आणि चिमट्याने उकलली. तीन कवट्या निघाल्या. "तीन उंदीर!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. मग भिंग एकेकाच्या हातात फिरू लागले. दोन कवट्यांना पुढे पटाशीसारखे लांब दात होते, त्यांच्या मागे मोकळी जागा आणि मग दाढा. तिसरीत मोकळी जागाच नव्हती. पुढून मागेपर्यंत टोकदार दातांची सलग रांग होती. ती चिचुंद्री. चिचुंद्री मुख्यतः किडे खाते, आणि उंदरांच्या गणात ती मोडतच नाही. उंदराचे नाते खारीशी आणि साळिंदराशी जवळचे आहे, चिचुंद्रीशी नाही.

मग बाईंनी विचारले, "पण सर, उरलेले दोन तरी उंदीरच ना? कुठले उंदीर?"

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आपल्या भागात तो दोनशे वर्षे विचारला जातो आहे, आणि त्याचे उत्तर देता न आल्याची मोठी किंमत माणसांनीही मोजली आहे आणि उंदरांनीही.

वडारांनी दिलेले नाव

पुण्याच्या परिसरातील प्राण्यांची पहिली शास्त्रीय यादी केली ती कर्नल विल्यम साइक्स याने. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या पाहणीसाठी नेमले. पिके, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करताना त्याने प्राणी आणि पक्षीही टिपले. १८३१ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. त्यात त्याने मराठी नावेही नोंदवली. रानकुत्र्यासाठी त्याने दिलेले 'कोळसुन' हे नाव आजही आपल्याकडच्या खेड्यांतून ऐकू येते.

लहान प्राण्यांच्या बाबतीत साइक्सच्या पुढे गेला तो वॉल्टर एलियट. कंपनी सरकारचा हा मुलकी अधिकारी धारवाडच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या 'दक्षिण मराठा मुलखात' होता. तेथील सस्तन प्राण्यांची त्याची यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. उंदीर कोठे राहतो, काय खातो, बीळ कसे करतो, हे त्याने एवढ्या बारकाईने लिहिले आहे की वाचणाऱ्याला प्रश्न पडावा : एका साहेबाला हे सगळे कोणी सांगितले?

उत्तर त्याच्याच लिखाणात आहे. त्याने वडारांना विचारले होते. तळी आणि विहिरी खोदणारे, माती-दगडाची कामे करणारे हे लोक जमिनीच्या पोटातले जीवन रोज पाहत. उंदरांची बिळे खणून त्यांत साठवलेले धान्य काढणे, हा त्यांतल्या काहींच्या उपजीविकेचा भाग होता. कोणत्या उंदराचे बीळ कसे आणि कोणाच्या बिळात दाणे सापडतात, हे त्यांना पाठ होते. म्हणूनच त्यांच्याकडे वेगवेगळ्या उंदरांना वेगवेगळी नावे होती. काळ्या रानातल्या मऊ केसांच्या एका उंदराला ते 'मेट्टाडे' म्हणत. १८३७ साली ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या उंदराचे शास्त्रीय नाव ठेवले तेव्हा हाच शब्द घेतला. मात्र त्यातल्या 'ट'चा 'ल' झाला, आणि जीवशास्त्राच्या नियमानुसार एकदा छापले गेलेले नाव तसेच राहिले. आज तो उंदीर 'मिलार्डिया मेलटाडा' म्हणून ओळखला जातो. झुडपी उंदराच्या 'गोलुंडा एलियोटी' या नावाचीही गोष्ट अशीच आहे. 'एलियोटी' हा एलियट. 'गोलुंडा' हा कानडी 'गुलांडी'. एलियटचे नाव पुस्तकात राहिले. ज्यांनी त्याला उंदीर दाखवले त्यांची नावे राहिली नाहीत. त्यांचा एक शब्द तेवढा राहिला, तोही चुकीच्या अक्षराने.

एलियटने नोंदवलेला एक प्रसंग शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. मऊ केसांचा हा उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांतून राहतो. उन्हाळ्यात जमीन फाटते. पहिल्या जोराच्या पावसाने भेगा बुजतात आणि त्यांतले असंख्य उंदीर मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढला. भेगा बुजल्या नाहीत. उंदीर वाचले आणि भरमसाट वाढले. त्यांनी पेरलेले बी खाल्ले. पुढे कणसे भरली तेव्हा ज्वारीच्या ताटांवर चढून ती कुरतडून पाडली. शेतेच्या शेते बसली आणि रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले. डझनाच्या हिशेबाने धान्य देऊन हजारो उंदीर मारवले, तरी संख्या घटल्याचे दिसेना.

पाऊस, माती, पीक, उंदीर आणि शेतसारा यांची साखळी येथे एका परिच्छेदात सापडते. 'परिसंस्था' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पण हा उंदीर भेगांत राहतो, घरात नाही, हे माहीत असल्यामुळेच १८२६ सालीच असे का झाले याचा उलगडा होऊ शकला. नुसता 'उंदीर' म्हणून तो झाला नसता.

हडपसर, मार्च १८९७

आता पुन्हा हडपसरला येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी १८९७ साली हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच रोगाची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे बहुतेक शिक्षकांना माहीत आहे.

त्या वेळी प्लेगबद्दल काय माहीत होते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता. साथीपूर्वी घरात उंदीर मरून पडतात, हे लोकांनी पाहिले होते. पण उंदराकडून माणसाकडे रोग जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून घरे धुतली, कपडे जाळले, माणसे गावाबाहेर काढली. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. सुरुवातीला फारशा कोणी ते मानले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले, त्यांच्या अंगावर उंदरांच्याच पिसवा गोळा झालेल्या दाखवल्या, आणि १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ही गोष्ट पक्की केली.

आयोगाचे मुंबईतील काम हे खरे पाहता उंदरांचे सर्वेक्षणच होते. गल्लोगल्ली उंदीर गोळा होत; कोणता उंदीर कोठे सापडला, याची चिठ्ठी त्याच्याबरोबर असे; परळच्या प्रयोगशाळेत त्याची जात ठरवून तो तपासला जाई. हजारो उंदीर तपासल्यावर एक क्रम दिसला. साथ प्रथम गटारातल्या करड्या उंदरांत पसरते, मग घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. पिसवा त्याला सोडून दुसरा उंदीर शोधतात. उंदीरच उरले नाहीत की माणसाला चावतात. काळा उंदीर माणसाच्या घरातच राहतो, म्हणून माणसाला धोका मुख्यतः त्याच्यामुळे.

सगळे मेलेले उंदीर एकाच रकान्यात मोजले असते, तर हा क्रम कधीच दिसला नसता.

वर्गणीतून झालेली पाहणी

प्लेगने शहरातले उंदीर मोजायला लावले. रानातले उंदीर मोजले ते वेगळ्याच लोकांनी, आणि बव्हंशी हौसेने. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली हौशी अभ्यासकांची संस्था. तिने १९११ साली भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. खर्च मुख्यतः सभासदांच्या वर्गण्या व देणग्यांतून. सरकार आणि काही संस्थानिक यांनीही हातभार लावला. पैसा उभा करण्यापासून संग्राहकांना पत्रे लिहिण्यापर्यंतचे काम पाहणारे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड हे पेशाने दारूचे व्यापारी होते. (लहानग्या सालिम अलींना १९०८ साली त्यांनी मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून देणारे मिलार्ड ते हेच.) नमुन्यांचे शास्त्रीय वर्णन करण्याचा मोठा भार रॉबर्ट रॉटन यांनी उचलला. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ लंडनच्या संग्रहालयात बसून उंदीर, खारी आणि वटवाघळे तपासत.

पाहणीची सुरुवात कोठून झाली असेल? खानदेशातून. क्रंप नावाच्या संग्राहकाने तेथे काम केले आणि पाहणीचा पहिला अहवाल खानदेशाचा निघाला. पुढे शॉर्ट्रिज, प्रॅटर, बाप्टिस्टा अशा अनेकांनी देशभर आणि ब्रह्मदेश-सिलोनपर्यंत नमुने गोळा केले. महायुद्धामुळे गती मंदावली, तरी १९२३ पर्यंत काम चालले. १९१२ साली प्रॅटर बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या बाजूला तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत शिरले आणि मोठ्या कानांचे एक वटवाघूळ घेऊन बाहेर आले. शास्त्राला ते नवे होते. त्याला रॉटन यांचे नाव मिळाले. कित्येक दशके जगात त्याची माहीत असलेली वसाहत ती एकच होती. आज ती गुहा भीमगड अभयारण्याच्या परिसरात मोडते.

त्याच १९११ साली लंडनच्या ऑल्डफिल्ड टॉमस यांनी मऊ केसांच्या उंदरांची वेगळी प्रजाती केली आणि तिला मिलार्ड यांचे नाव दिले : 'मिलार्डिया'. वडारांचा 'मेट्टाडे' अशा रीतीने 'मिलार्डिया मेलटाडा' झाला.

त्या काळची पाहणी म्हणजे सापळा, कातडे, कवटी आणि लेबल. प्राणी मारल्याशिवाय नमुना नव्हता. आज आपण तसे करणार नाही, करूही नये. पण त्या लेबलांवर गाव, तारीख आणि उंची लिहिलेली आहे, म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी कोठे काय होते, हे आज सांगता येते.

कोंढाण्याचा रहिवासी

विद्यार्थी असताना आम्ही सिंहगडावर किती वेळा गेलो याची गणती नाही. चढायचे, पिठले-भाकरी आणि दही खायचे, वारा खायचा आणि उतरायचे. ज्या झुडपांजवळ बसून आम्ही खरकट्या पत्रावळी टाकल्या, त्यांच्या मुळाशी बिळे असत. त्या बिळांत कोण राहते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) स्थापना १९५२ साली झाली. गोचिड्या, पिसवा, डास यांच्यामार्फत पसरणारे रोग हा तिच्या अभ्यासाचा विषय. १९५७ साली कर्नाटकात क्यासानूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका नव्या तापाने मरू लागली तेव्हा याच संस्थेने त्याचा छडा लावला. अशा कामात रानातले उंदीर आणि चिचुंद्र्या पकडून त्यांची जात अचूक ठरवावी लागते, कारण गोचिडीची पिल्ले त्यांच्याच अंगावर वाढतात. या संस्थेतील ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांना सिंहगडावर मऊ केसांचा एक उंदीर मिळाला. तो 'मेलटाडा' नव्हता. १९७५ साली त्यांनी नवी जाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले 'मिलार्डिया कोंडाना'. गडाचे जुने नाव, जे तानाजीच्या गोष्टीमुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे, ते असे एका उंदराला मिळाले.

हा उंदीर निशाचर आहे, बिळात राहतो. बराच काळ सिंहगडाचा माथा हेच त्याचे जगातले एकमेव ज्ञात ठिकाण होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२७० मीटर उंचीवरचा हा टापू अवघा एक चौरस किलोमीटरच्या आसपास. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली अतिसंकटग्रस्त प्राण्यांची माहिती प्रसिद्ध केली, तीत पिग्मी हॉग आणि सुमात्री गेंडा यांच्या पंक्तीला कोंडाना उंदीर बसला. धोक्याची कारणे साधीच : झुडपे तुटणे, अतिचराई, आणि आमच्यासारखे पर्यटक.

आता गंमत पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. ज्यांना मारायला मनाई नाही असे प्राणी तीत होते, आणि त्यांत जात न सांगता सरसकट 'उंदीर' हा शब्द होता. म्हणजे एका सरकारी कागदावर जो प्राणी नामशेष होण्याच्या काठावर, तोच दुसऱ्या सरकारी कागदावर उपद्रवी. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. याचा अर्थ शेतकऱ्याची तक्रार खोटी, असा नाही. १८२६ ची हकिगत वर आलीच आहे. पण नुकसान करणारे उंदीर थोड्या जातींचे असतात, आणि शिक्षा 'उंदीर' हे आडनाव असलेल्या सर्वांना होते.

दूरदेशीची घूस

हाच प्रश्न जगात इतरत्रही आला आहे. आपल्या घुशीला तेलुगूत 'पंदिकोक्कु' म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचे 'बँडिकूट' केले. पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले, तेथे लांब नाकाचा, माती उकरणारा एक प्राणी दिसला, आणि त्यांनी त्यालाही 'बँडिकूट' म्हटले. तो घुशीचा कोणीही लागत नाही. तो शिशुधान प्राणी, कांगारूच्या गोतातला. शिशुधानांची पिल्ले अगदी अपुऱ्या वाढीची जन्मतात आणि बहुतेकांत आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. भारतात असे प्राणी नाहीत. ऑस्ट्रेलियात उंदराएवढ्या शिशुधानांच्या कित्येक जाती आहेत आणि वसाहतवाल्यांनी त्यांना सरसकट 'उंदीर' म्हणून टाकले होते.

आज तेथील अभयारण्यांतून या लहान शिशुधानांची गणना होते आणि तीत स्वयंसेवक मोठ्या संख्येने भाग घेतात. संध्याकाळी पत्र्याचे पेटी-सापळे लावायचे, पहाटे ऊन चढण्यापूर्वी प्रत्येक सापळा पाहायचा, प्राणी कापडी पिशवीत घेऊन वजन करायचे, जात आणि नर-मादी लिहायचे आणि जेथे पकडला तेथेच सोडायचा. काम कंटाळवाणे आहे. कित्येक रात्री सापळे रिकामेच निघतात. पण १९९४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील टू पीपल्स बे अभयारण्यात दुसऱ्याच एका प्राण्यासाठी लावलेल्या सापळ्यांत गिल्बर्टचा पोटोरू सापडला. हा लहान शिशुधान शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसला नव्हता आणि नष्ट झाला असेच धरले गेले होते.

शाळेला काय करता येईल?

सापळे लावणे हे शाळेचे काम नाही. वनक्षेत्रात त्याला परवानगी लागते, आणि जिवंत उंदीर हाताळण्यात लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचा धोका असतो. पण घुबड आपल्यासाठी रोज रात्री सापळा लावते आणि सकाळी नमुने टाकून देते. तेवढे उचलायचे. हातमोजे आणि नाकावर फडके हवे. गोळ्या नीट वाळवून, मगच मोठ्यांच्या देखरेखीखाली उकलाव्यात. नंतर हात साबणाने धुवावेत. घुबडांच्या घरट्याजवळ मात्र जाऊ नये. प्रत्येक गोळीबरोबर तारीख, जागा आणि आसपास काय आहे (ऊस, भाजीपाला, वस्ती, बांधकाम) हे लिहावे. कवट्यांचे आधी दोन गट करावेत : पटाशीचे दात असलेल्या आणि सलग दातांच्या. जातीपर्यंत पोहोचायला दाढा तपासाव्या लागतात. ते काम जाणकाराचे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागातही विचारता येईल.

दुसरे काम त्याहून सोपे आणि अधिक निकडीचे. मुलांनी आपल्या आजी-आजोबांना, शेतमजुरांना, खोदकाम करणाऱ्यांना उंदरांची नावे विचारावीत. कोणता उंदीर बांधावर राहतो, कोणता घरात, कोणाच्या बिळात दाणे सापडतात, कोणाच्या नाही, हे लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नावही त्याच्या परवानगीने लिहावे. एलियटने ते लिहिले नाही, आपण लिहू.

हडपसरला हे काम करण्याला एक खास कारण आहे. कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस आणि भाजीपाला होत असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांतल्या पुष्कळ जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. जमीन बिगरशेती होते तेव्हा विहिरी मोजल्या जातात, झाडे मोजली जातात. बिळे मोजली जात नाहीत. उरलेल्या शेतांत कोण कोण राहते, हे सांगणारी वही आज सुरू केली, तर आणखी वीस वर्षांनी तिची किंमत कळेल.

कार्यशाळेनंतर त्या तीन कवट्या आम्ही बरोबर आणल्या आणि आमच्या एका सहकाऱ्याला दाखवल्या. दाढा पाहून त्यांनी एक कवटी ओळखली : मऊ केसांचा शेतउंदीर, वडारांचा मेट्टाडे. दुसरीच्या दाढा गळून गेल्या होत्या, ती ओळखता आली नाही. बाईंना तसे कळवले. पुढच्या वेळी शाळेत गेलो तेव्हा ते खोके विज्ञानकक्षाच्या कपाटात होते. वरचा 'उंदीर' हा शब्द खोडलेला होता. त्याखाली एका मुलीच्या अक्षरात लिहिले होते : 'चिचुंद्री – १. मऊ केसांचा उंदीर – १. तिसरा – ठरायचा आहे.'